चारी बाजूंनी अस्तर

मास्तरांच्या घरात कापणारी माणसं दोन आणि शिवणारं एकच. हा विनोद मास्तरांचा स्वतःचा, आणि गिऱ्हाईक नवं असलं की तो हमखास व्हायचा. मास्तर चाळीस वर्षं कोट शिवत होते. त्यांची मुलगी इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत होती. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्या मेणाच्या वड्यांचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचपट्टीवर घेऊन रंगवायचे आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचवायचे, हे तिचं काम. मास्तर म्हणायचे, हिचं कापड कुणाच्या अंगाला लागत नाही, पण हात माझ्याहून बारीक आहे. लहानपणी ती किडकिडीत होती म्हणून त्यांनी तिचं नाव टाचणी ठेवलं. आता ती चाळिशीला आली तरी टाचणीच राहिली.

मास्तर जाऊन आठ दिवस झाले होते. दुकानामागच्या खोलीत त्यांची बहीण, टाचणीची आत्या, बॅग भरत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची बस होती. आठ दिवसांत आत्या कामापुरतंच बोलली होती. चहात साखर किती, टॉवेल कुठे, कागदपत्रं कुणाकडे. पहिल्या दिवसानंतर भावाच्या पलंगाकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. तो ज्या दिवशी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोचली, तेव्हा पलंगावरची गादी गुंडाळलेली होती. दारातच थांबून ती म्हणाली होती, "पुन्हा तेच." बस, एवढंच.

आधीचं "तेच" बारा वर्षांपूर्वीचं होतं. आजी आजारी होती. आत्या दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची, परीक्षा चालू होत्या, आणि तिने फोनवर भावाला विचारलं होतं की येऊ का. मास्तर म्हणाले, आई बरी आहे, घाई करू नकोस, पेपर उरकून सावकाश ये. आई बरी नव्हती. मास्तरांना ते दिसत होतं. पण बहिणीचा आवाज फोनवर थरथरत होता आणि मास्तरांना कुणाचा आवाज थरथरलेला सहन व्हायचा नाही. ते त्याला मन राखणं म्हणायचे. आत्या सावकाश आली, आणि तेव्हाही गादी गुंडाळलेली होती. त्यानंतर ती भावाशी एक शब्दही बोलली नाही.

टाचणीला आज बोलायचं होतं. बस गेली की गेली. मग हे आपल्या पोटात राहणार आणि आत्या सगळा दोष मेलेल्या भावावर टाकून जाणार, हे तिला कळत होतं. गेले चार दिवस ती रोज सकाळी ठरवायची, आणि चहा ओतेपर्यंत ठरवलेलं विरघळून जायचं.

मास्तरांचं आतडं एकदा कापून झालं होतं. दोन वर्षं बरी गेली, मग यकृतात लिंबाएवढी गाठ दिसली. आतड्यातलीच पेशी रक्तातून तिथे जाऊन रुजली होती. डॉक्टर म्हणाले, एकच आहे, काढून टाकू. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मास्तर इस्पितळाच्या खाटेवर पाय सोडून बसले होते. हातात काही नव्हतं, म्हणून चादरीच्या काठाची शिवण चाचपत होते. ते म्हणाले, मला एकदा तिच्याकडे जायचं आहे. दिवस थोडे असतील तर टाके सुकले की तसाच उठून जातो, रिकाम्या हाताने. आणि वेळ असेल तर नीट जाईन, तिच्यासाठी एक कोट शिवून. अकरा वर्षांनी दार वाजवायचं तर हातात काहीतरी हवं.

मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तो तुकडा तुमच्याकडेच येणार ना? मला खरं सांगायचं. मी एकदा गोड बोललो होतो, त्याचं काय झालं ते तू पाहिलंस."

तिने होकाराची मान हलवली होती.

प्रयोगशाळेचा एक नियम होता. आपल्या माणसाचा तुकडा आपण हाताळायचा नाही, शेजारच्या टेबलावर द्यायचा. बरण्यांवर फक्त आकडे असतात, नाव सोबतच्या कागदावर. टाचणीने तो कागद गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवला आणि बरणीचा आकडा आपल्या वहीत लिहिला. पंधरा वर्षांत तिने पहिल्यांदाच नियम मोडला. दुसऱ्या कुणाचा हात त्या तुकड्याला लागू नये असं तिला वाटलं होतं. निदान त्या वेळी तिची समजूत तशी होती.

गाठ जिथे संपते आणि यकृत जिथे सुरू होतं, त्या कडेवरून चार तुकडे घेतले होते. चार तुकड्यांच्या चार वड्या. गुरुवारी दुपारपर्यंत पहिलीचे काप झाले. कोमट पाण्यावर मेणाची पट्टी तरंगली, तिने ती काचेवर उचलली, निळ्या आणि गुलाबी रंगातून काढली. उरलेल्या तीन वड्या बर्फावर थंड होत होत्या. पहिली काचपट्टी ती तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमकडे नेली तेव्हा मॅडमनी तिला समोरच्या नळीला डोळा लावायला सांगितलं. सूक्ष्मदर्शकाला दोन नळ्या होत्या, एकीतून डॉक्टर पाहायच्या, दुसरीतून शिकणारा.

मॅडमना कडा दाखवायला आवडायचं. गाठ आतून सगळ्यांची सारखीच दिसते, त्या म्हणायच्या, माणसाचं पुढचं कडेवर कळतं. इथे कडेला एक रुंद पट्टा होता, गुलाबी, लाटालाटांचा, त्यात निळे ठिपके. शरीराने स्वतःहून विणलेला. पट्ट्याच्या अलीकडे गाठ, पलीकडे यकृत, आणि दोघांची गाठभेट नाही. अशी माणसं वर्षानुवर्षं जगतात, मॅडम म्हणाल्या, पट्टा सगळीकडे असेल तर. "उरलेल्या तीन पाहू, मग बोलू."

त्या दिवशी संध्याकाळी टाचणी वॉर्डात गेली. मास्तर शुद्धीवर होते, ओठ कोरडे पडले होते. त्यांनी विचारलं, काय निघालं? तिने त्यांच्या भाषेत सांगितलं. गाठीला अस्तर आहे बाबा, जाड, छान विणलेलं. कापड आणि अस्तर वेगळंवेगळं.

मास्तरांचे डोळे मिटले होते. मिटलेल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, "चारी बाजूंनी?"

शिंप्याने विचारायचा प्रश्न होता तो. तीन वड्या अजून बर्फावर होत्या. तिला म्हणता आलं असतं की एकच बाजू पाहिली आहे, बाकीचं उद्या सांगते. एवढं एकच वाक्य. पण त्यांच्या गळ्याची शीर उडत होती, आणि ती मास्तरांचीच मुलगी होती.

"हो," ती म्हणाली.

मास्तर हसले. "मग वेळ आहे," म्हणाले, आणि झोपले.

शुक्रवारी तिसऱ्या वडीत ते निघालं. कडेवर एका ठिकाणी पट्टा संपत होता आणि पुढे पुन्हा सुरू होत होता. मधल्या जागेत गाठीच्या पेशी सरळ यकृताच्या रांगांत शिरल्या होत्या. यकृताच्या पेशी ओळीने बसतात, दोन ओळींच्या मधून रक्त वाहतं. या पेशींनी ओळी मोडल्या नव्हत्या. एकेका पेशीला उठवून तिच्या जागी बसल्या होत्या, त्याच ओळीत, त्याच रक्तावर. कुठे भांडण नाही, धक्काबुक्की नाही. कुठे यकृत संपलं आणि कुठे आजार सुरू झाला हे बोट ठेवून सांगता येत नव्हतं.

मॅडमनी लांबी मोजली. जेमतेम दोन मिलिमीटर. सगळी कड धरली तर शंभरातले पाच भाग. टाचणीने विचारलं, पंच्याण्णव भाग तर चांगलेच आहेत ना? मॅडमनी मान हलवली. हे असं मोजायचं नसतं, त्या म्हणाल्या. शंभर असेल तर शंभर. नाहीतर जिथे पट्टा नाही तीच जागा धरायची, आजार तिथूनच निघतो. आणि हेही लक्षात ठेव, हा शेकडो माणसांचा हिशेब आहे, एका माणसाचा नाही. एखादा यातूनही दहा वर्षं काढतो.

मग अहवाल लिहायला त्यांनी कागद मागितला, तो गठ्ठ्यात सगळ्यात खाली निघाला, आणि त्यांनी त्यावरचं नाव वाचलं. कागद त्यांनी पालथा ठेवला. नंतर म्हणाल्या, "नियम तुझा हात चुकेल म्हणून नाही केलेला. डोळा पुढे धावतो म्हणून केलाय. घरी काही सांगितलंस का?"

"नाही," टाचणी म्हणाली. दुसरं खोटं पहिल्याहून सोपं गेलं.

अहवालात सगळं लिहिलं होतं, एक ओळ, इंग्रजीत. सर्जननी मास्तरांना सांगितलं की कापलेली कड स्वच्छ आहे, गाठ पूर्ण निघाली. तेही खरंच होतं, पण ती सुरीची कड, अस्तराची नव्हे. घरी मास्तरांनी तिला अहवाल वाचून दाखवायला लावला. ती खुर्चीत बसून एकेका ओळीचं मराठी करत गेली, आणि सहाव्या ओळीवरून सरळ आठवीवर गेली. वाचताना आवाज हलला नाही. आता तिला त्या न हललेल्या आवाजाचीच जास्त भीती वाटते.

पुढचे आठ महिने मास्तर ठणठणीत होते. कुणालाही विचारा. दुकान उघडायचे, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायचे, कापणाऱ्या-शिवणाऱ्यांचा विनोद करायचे. बहिणीचा कोट त्यांनी कापायला घेतला. मापाची वही अकरा वर्षांची जुनी. तेव्हाचे खांदे आता थोडे उतरले असतील, म्हणून त्यांनी अर्धं बोट कमी केलं, मग रात्रभर विचार करून परत वाढवलं. लोकर आवडेना म्हणून एकदा बदलली. काजं तीनदा उसवली. टाचणी विचारायची, बाबा, जाणार कधी? ते म्हणायचे, थंडी पडू दे, उन्हाळ्यात कोट घेऊन गेलो तर वेडा म्हणेल. वेळ आहे. आणि ते "वेळ आहे" म्हणाले की टाचणीला स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवायचं. नळ सोडून ती नुसतीच उभी राहायची. आज सांगू, उद्या सांगू. सांगितलं तर ते हातातलं काम टाकून बसने निघतील हे तिला माहीत होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं आत्ताचं हे हसू जाईल हेही. तिने हसू ठेवलं.

नवव्या महिन्यात तपासणीत यकृतावर सात डाग आले. मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं नाही, मुलीकडे पाहिलं. "अस्तर होतं ना?" ती म्हणाली, हे नवे आहेत बाबा. ते म्हणाले, असं होय. त्यांना त्यातलं किती कळलं ते तिला कधीच कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

मग औषधं, उलट्या, ताप. प्रवास संपलाच. आत्याला फोन करू का, तिने कितीदा विचारलं. मास्तर नको म्हणायचे. आजाऱ्याने बोलावलं की तो हुकूम होतो. मी माझ्या पायांनी जायचं होतं. चौदाव्या महिन्यात त्यांची शुद्ध हरपली तेव्हा तिने न विचारता फोन केला. पुढचं आत्या दारात म्हणाली तेच.

आत्याने बॅगेची चेन लावली आणि चहाचा कप उचलला. टाचणी तिच्यासमोर खाली बसली आणि सांगून टाकलं. गुरुवार, शुक्रवार, तीन वड्या, सातवी ओळ, कोट, तीनदा उसवलेली काजं. कारणं दिली नाहीत. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तेवढं मात्र पाळलं. शेवटी म्हणाली, बाबा तुला विसरले नव्हते, त्यांना वेळ आहे असं मी सांगितलं होतं.

आत्याने कप न पिताच खाली ठेवला. ती म्हणाली, "तुम्हा बापलेकींना माणसाला बसल्या जागी गोड बोलून मारायची कला आहे." मग म्हणाली, "आहे का ती काच अजून?"

काचपट्ट्या वर्षानुवर्षं जपून ठेवतात.

"उद्या दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणी तिला तळघरात घेऊन गेली. मॅडमना आधी फोन करून विचारलं होतं, आणि त्या वेळी वडिलांना काय सांगितलं होतं तेही कबूल केलं होतं. मॅडम एवढंच म्हणाल्या की खोली उघडी आहे, मी अकरानंतर येईन. प्रयोगशाळेत मेणाचा आणि स्पिरिटचा वास होता. आत्याने नाक मुरडलं नाही. शिंप्याच्या घरात वाढलेली बाई, वासांवरून तिने कधीच तक्रार केली नव्हती. टाचणीने खणातून ती काचपट्टी काढली, तिला एका नळीशी बसवलं आणि स्वतः दुसरीशी बसली. सुरुवातीला आत्याला स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग चित्र जमलं.

टाचणी काच सरकवत गेली. हा पट्टा. हा इथे गाठीकडचा भाग, हे यकृत. आत्या म्हणाली, सुबक आहे. मग पट्टा संपला. टाचणीने नळीतून दिसणारा खुणेचा बाण त्या जागेवर नेऊन थांबवला.

आत्या फार वेळ पाहत राहिली. तिने विचारलं, प्रत्यक्षात किती? टाचणीने दोन बोटांच्या नखांमध्ये दाखवलं.

"कोटाला अस्तर लावतात ते कसं, माहीत आहे तुला?" आत्याने नळीवरचा डोळा न काढता विचारलं. "सगळं उलट्या बाजूने शिवतात, चारी कडा बंद. फक्त बाहीच्या अस्तरात एवढी फट ठेवतात. त्या फटीतून हात घालून अख्खा कोट बाहेर ओढतात. लहानपणी मी करायचे ते काम, माझा हात बारीक होता. एवढ्याशा जागेतून अख्खा कोट, कॉलर, खिसे, सगळं." ती थांबली. "म्हणून विचारलं त्याने. चारी बाजूंनी म्हणून."

टाचणीच्या डोळ्यांसमोरचा बाण अस्पष्ट झाला.

"मला हे ठाऊक असतं," आत्या म्हणाली, "तर मीच आले असते. त्याने यायची वाट पाहत बसले नसते. वाट पाहत होते मी. तुला काय वाटलं?"

"आत्या, मी..."

"माफी मागू नकोस. मी देणार नाही, आणि मग तुझी पंचाईत होईल." ती खुर्चीतून उठली. जिन्याशी पोचल्यावर, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल, म्हणाली, "तसा तो आलाच असता असंही नाही. भित्रा होता. तीनदा काजं उसवणारा माणूस." टाचणीला ते वाक्य धरून ठेवावंसं वाटलं, आणि आपल्याला तसं वाटतंय याचीच लाज वाटली. ते तिचं नव्हतं. आत्याचं होतं.

घरी आल्यावर टाचणीने कोट आणला. तो दुकानात हँगरवर पांढऱ्या कापडाखाली होता. करडी लोकर, आत गर्द निळं अस्तर. आत्याने तो घातला. खांदे बरोबर बसले, वाढवलेल्या अर्ध्या बोटासकट. बाह्या थोड्या लांब. डाव्या बाहीत हात घालताना तिची बोटं कापडात अडकली होती. बाही उलटून पाहिली तर अस्तराची शिवण चार बोटं उघडी होती. मास्तर म्हणाले होते, ती घालून बघेल, मग बाही कमी-जास्त करून फट बंद करू.

आत्याने कोट काढला, मांडीवर घेतला आणि ती फट दोन बोटांनी मिटवून धरली. मग तो टाचणीकडे सरकवला.

"शीव."

टाचणी म्हणाली की तिला शिवता येत नाही, घरात शिवणारं एकच होतं.

"कापता येतं, खोटं बोलता येतं, चार बोटं शिवायला काय झालं? सुई आण." आत्याने बसच्या तिकिटाकडे एकदा पाहिलं आणि ते चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं. "आणि शिवता शिवता सांग. तो त्या चौदा महिन्यांत काय करत होता. काय खात होता, कुणाशी भांडला, माझ्याबद्दल काय म्हणाला. सगळं, दिवसाच्या क्रमाने. मी नव्हते तिथे. ते तरी दे."

टाचणीने निळा दोरा ओवला. तिसऱ्या प्रयत्नात सुईत गेला. पहिला टाका घालता घालता ती म्हणाली की ऑपरेशननंतर बाबा छान होते, त्रास असा काही नव्हता. आत्याने हात पुढे करून कोट थांबवला आणि टाक्यांवर नख ठेवलं.

"टाके मोठे घेतेयस. आणि त्रास नव्हता म्हणजे काय? पोट फाडलं होतं त्याचं."

टाचणीने खाली पाहिलं. टाके खरोखरच मोठे होते, वाकडेही. तिने सुईच्या टोकाने एकेक उसवले, दोरा ओढून काढला, कड पुन्हा जुळवली.

"गुरुवारी त्यांचे ओठ कोरडे होते," ती म्हणाली. "पाणी द्यायची परवानगी नव्हती. ओला कापूस मी ओठांना लावत होते, आणि त्यांनी मला विचारलं."